एलिझाबेथ राणीच्या वचनांचं टेबल कॅलेंडर: वर्ष संपत आल्यावरचं मत

दिवाळीत स्टँडचा पुठ्ठा मधोमध फाटला आणि कंपनीशी पत्रव्यवहार सुरू झाला. कॅलेंडर बहुतेकांनी पाहिलं असेलच: रोज एक पान, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचं एक वचन, सत्ता, प्रेम आणि श्रद्धा यांना तीन रंग. साडेसातशे रुपये मोजलेत. कागद छान आहे. पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावली, भागतंय.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एकाही वचनाखाली साल नाही, ठिकाण नाही, कोणासमोर बोलली तेही नाही. श्रद्धेचं एक पान घ्या: ‘माणसांच्या मनात डोकावायला मला खिडक्या पाडायच्या नाहीत.’ खाली नाव राणीचं. वाक्य तिच्याच काळातल्या फ्रान्सिस बेकन या लेखकाचं आहे, तिच्या धोरणाविषयी त्याने लिहिलेलं. त्याच राणीच्या राज्यात सरकारी प्रोटेस्टंट चर्चला न जाणाऱ्याला आधी दर वेळी एक शिलिंग दंड होता, तो १५८१ मध्ये महिन्याला २० पौंड झाला. त्याच वर्षी एडमंड कॅम्पियन या जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्याला लंडनच्या टायबर्न या वधस्थळी देहान्त शासन झालं. हे ठाऊक नसलेला वाचक त्या पानावर नुसता भारावून जाणार.

कंपनीला हे सगळं सविस्तर कळवलं. उत्तर आलं, ‘फाटलेल्या भागाचा फोटो पाठवा.’ पुन्हा लिहिलं, तर दहा टक्के सवलतीचं कूपन. मी विचारलं काय, सांगतात काय! तेव्हाच एक तारा देऊन मोकळी होणार होते.

मग नोव्हेंबरअखेरचं पान आलं: ‘देवाने मला उंचावर बसवलं खरं, पण तुमच्या प्रेमासह राज्य केलं, यातच मी माझ्या मुकुटाचं वैभव मानते.’ रंग प्रेमाचा. शोधून वाचलं. तारीख ३० नोव्हेंबर १६०१, व्हाइटहॉल राजवाडा, समोर कॉमन्सचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सुमारे १४० सदस्य. मीठ, स्टार्च, पत्ते अशा वस्तूंचे मक्ते तिने मर्जीतल्या लोकांना दिले होते, भाव भडकले होते आणि सभागृह खवळलं होतं. जाचक मक्ते रद्द करायचं तिने कबूल केलं, तेव्हा हे लोक आभार मानायला आले होते. अडुसष्ट वर्षांची राणी गुडघे टेकलेल्या त्या सदस्यांना म्हणते, उभे राहा, मला अजून बरंच बोलायचंय. हे कळल्यावर ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. केवढी हुशार बाई! हे पान सत्तेच्या रंगात हवं होतं.

तेव्हापासून प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने साल आणि ठिकाण लिहिते. स्पेनच्या आरमाराच्या स्वारीवेळी टिलबरीच्या छावणीत सैन्यासमोर केलेलं ‘देह दुबळ्या बाईचा, पण काळीज राजाचं’ हे १५८८ चं भाषण आपण ज्या शब्दांत वाचतो, ते छापून आले १६५४ मध्ये, एका पाद्र्याच्या पत्रातून. तेही आता त्या पानावर आहे.

तीन तारे देते. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलमध्ये निम्म्यात मिळालं तर जरूर घ्या. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक वचनाखाली एक ओळ संदर्भ छापला, तर मी हजार रुपये देईन, पुठ्ठा असाच असला तरी.