टिकर टायमर घ्यावा की मोबाइलवर भागवावं?

नववीच्या ‘गती’ आणि ‘बल’ या धड्यांसाठी एकच साधन घ्यायचं तर कुठलं, हा प्रश्न इथे इंदूरमध्ये दर जूनला कुणी ना कुणी शिक्षकमित्र विचारतोच. शाळेचं बजेट बेताचं. खिशात स्लो मोशनवाला मोबाइल असताना टिकर टायमरसारखी (वस्तूला बांधलेल्या कागदी फितीवर ठराविक वेळाने ठिपके ठोकणारी) जुनाट वस्तू कशाला, असं त्यांना वाटतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. मी दोन्ही वापरतो.

मोबाइलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. दोन गाड्यांची टक्कर किंवा तिरका फेकलेला चेंडू, म्हणजे जिथे वस्तूला फीत बांधताच येत नाही तिथे त्याला तोड नाही. व्हिडिओवरून गती मोजणारं ‘ट्रॅकर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फ्रेममागून फ्रेम ठिपका देत गेलं की आलेख तयार.

माझं घोडं अडलं ते त्या ठिपक्यापाशी. अर्ध्या मीटरवरून सोडलेली गोटी खाली पोचताना सेकंदाला तीन मीटरहून जास्त वेगात असते. सेकंदाला 240 फ्रेम घेतल्या, तरी वर्गातल्या कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात गोटी सव्वा सेंटीमीटरपर्यंत सरकते. पडद्यावर गोटीऐवजी तिच्या जवळजवळ दुप्पट लांबीची फिकट रेघ. ठिपका द्यायचा कुठे, पुढच्या टोकाला की मधे? “सर, ये तो पूरा धुंधला है!” त्यात ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून एक फ्रेम उजळ तर पुढची काळवंडलेली. मैदानात उन्हात नेलं की चित्र छान येतं, पण मग पडदा कुणालाच दिसत नाही. शिवाय सगळा वर्ग एका मोबाइलवर वाकलेला. नवे महागडे फोन कदाचित बरे असतील. माझा अनुभव साध्या फोनचा आहे.

गंमत अशी की ट्यूबला प्रत्येक आवर्तनात दोनदा लुकलुकवणारी हीच 50 हर्ट्झची वीज टिकर टायमरचं घड्याळ होते. दर 0.02 सेकंदाला फितीवर एक ठिपका, तोही कागदावर, बोट ठेवून दाखवता येणारा. ट्रॉलीला, म्हणजे चाकांच्या छोट्या गाडीला, फीत लावा, पाच-पाच अंतरांचे तुकडे कापा, वहीत शेजारी-शेजारी चिकटवा. प्रत्येक तुकडा 0.1 सेकंदाचा. पुढचा तुकडा दर वेळी एक सेंटीमीटरने वाढत असेल, तर त्वरण 1 मी/से². वेग-काळ आलेख ‘काढावा’ लागत नाही, तो चिकटवला जातो. आणि फीत स्वस्त असल्याने ज्याची त्याला मिळते.

न्यूटनच्या पहिल्या नियमासाठी तर मला हेच आवडतं. फळीला एका बाजूने किंचित उचल द्यायची, हलका धक्का दिल्यावर ठिपके समान अंतरावर पडेपर्यंत. घर्षणाचा हिशेब चुकता झाला, आता ट्रॉलीवरचं निव्वळ बल शून्य आणि वेग कायम. एरवी हे वाक्य मुलं नुसती पाठ करतात.

कटकटी याच्याही आहेत. कार्बनची चकती झिजली की ठिपके पुसट येतात, सुरुवातीचे ठिपके एकमेकांवर चढतात (ते सोडूनच द्यावेत), आणि फीत घासत असल्याने g ची (गुरुत्व त्वरणाची) किंमत कमी येते. इंदूरला ती 9.79 च्या आसपास यायला हवी. फितीला 100 ग्रॅमचं वजन टांगून सोडलं तर ती बरीच खाली राहते, एक किलोचं टांगलं की वर सरकते. मला हा दोष वाटेनासा झालाय, कारण असं का होतं हे मुलं स्वतःहून विचारतात. मोबाइलवर चूक दिसली की ती सरळ फोनच्या माथी मारली जाते.

तुमच्याकडे वर्ग लहान आणि खिडक्या मोठ्या असतील, तर मोबाइलवर भागेलही. नाहीतर टायमर घ्या. तो अंबाल्याचा माल सहज मिळतो. घेताना सोबत जादा कार्बन चकत्या मागून घ्या, कप्पी आणि फळी इथल्या सियागंज बाजारात मिळून जाईल. सेलवर चालणारा दाखवला, तर त्याला 50 हर्ट्झचं घड्याळ नसतं, म्हणून तो सेकंदाला किती ठिपके देतो हे आधी विचारा. आणि टकरीच्या तासाला मोबाइल आहेच.