वरची नळी कार्बनची, खालच्या तीन ॲल्युमिनियमच्या

जाहिरातीत लिहिलेलं असतं: कार्बन फायबर ट्रायपॉड, चार भागांचे पाय, वरची नळी २८ मिमी, दहा थरांचा कार्बन, भार २५ किलो, वजन दीड किलो, उंची १७० सेंमी. छापील किंमत चोवीस हजारांच्या घरात आणि मिळतोय साडेआठ हजारांना. खोकं उघडलं की वरची नळी खरोखरच कार्बनची निघते. वीण दिसते, हाताला धातूसारखी गार लागत नाही, टिचकी मारली तर बद्द वाजते. घेणारा पाच स्टार देऊन मोकळा होतो. खालच्या तिन्ही नळ्या मात्र ॲल्युमिनियमच्या, वरून काळा मॅट रंग दिलेला. पाय मिटलेले असताना त्या वरच्या नळीच्या पोटात असतात आणि उघडल्यावर काळ्यात काळं खपून जातं.

जुनी फसवणूक यापेक्षा ढोबळ होती. ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बनच्या विणीचं चित्र असलेली फिल्म चिकटवायची, की झालं. कडेला नख लावलं की ती सुटायची. तिसरा प्रकार काचेच्या तंतूंच्या नळीचा. आतला सगळा जाडपणा फायबरग्लासचा आणि सगळ्यात वर दाखवण्यापुरता कार्बनचा एक थर. हा ओळखायला सगळ्यात अवघड. शिवाय ‘कार्बन फिनिश’, ‘कार्बन टेक्स्चर’, ‘कार्बन ब्लॅक’ हे शब्द फक्त रंगाबद्दल बोलतात. उद्या वाद झाला तर विक्रेता त्यांच्याकडेच बोट दाखवतो. एकाच पानावर ॲल्युमिनियम आणि कार्बन असे दोन पर्याय ठेवलेले असतील, तर खालचे अभिप्राय दोन्हींचे मिसळलेले असतात. कार्बनच्या फोटोखालची स्तुती भलत्याच मालाची असू शकते.

पहिली तपासणी वजनकाट्याची. हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा वरचा भाग, काढून ठेवा आणि नुसते पाय काट्यावर ठेवा. २५, २२ आणि १९ मिमी व्यासाच्या, १.२ मिमी जाडीच्या, ४० सेंमी लांबीच्या तीन-तीन नळ्या तीन पायांत धरल्या, तर कार्बनऐवजी ॲल्युमिनियम घातल्यावर साधारण ३०० ग्रॅम वाढतात. दीड किलो सांगितलेला ट्रायपॉड हेडशिवाय एक किलो ८०० भरला, तर पुढे बघायलाच हवं. उलट बाजूही ध्यानात असू द्या. ‘ॲल्युमिनियमपेक्षा निम्मं वजन’ हा दावा पूर्ण ट्रायपॉडला लागू होणं अवघडच, कारण खांदा (तिन्ही पाय जिथे जुळतात तो भाग), लॉक, स्क्रू, सेंटर कॉलमचे (मधल्या वर-खाली होणाऱ्या दांड्याचे) भाग दोन्हींत धातूचेच असतात. त्याच मापाच्या ट्रायपॉडमध्ये प्रत्यक्ष बचत २० ते ३० टक्के धरावी.

मग पाय खोला. ट्विस्ट लॉक, म्हणजे पिळून आवळायचा, असेल तर हत्यार लागत नाही. खाली वर्तमानपत्र अंथरा, सगळ्यात खालचा लॉक सैल करण्याच्याच दिशेने फिरवत राहा, आटे संपले की कॉलर सुटते आणि नळी ओढून बाहेर येते. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्यांचे उंचवटे नळीच्या भोकात कसे बसलेत याचा आधी फोटो काढा, कारण उलट्या बसवल्या तर लॉक धरत नाही आणि दोष मग तुमच्या माथी येतो. वाळू-चिखल धुताना असाच पाय खोलावा लागतो, त्यामुळे यात जगावेगळं काही नाही. फ्लिप लॉक, म्हणजे खटक्याचे, ॲलन कीने (षटकोनी चावीने) खोलावे लागतात. माल परत करायचा विचार असेल तर ते खोलू नका, वजनावरच भागवा.

नळीत मोबाइलचा टॉर्च मारा. कार्बन आतून मंद काळा दिसतो, थरांच्या गुंडाळीच्या पुसट रेषा असतात. ॲल्युमिनियम चकाकतं. फायबरग्लास पांढुरकं किंवा पिवळट-हिरवट दिसतं. आतूनही काळं केलेलं असेल, तर हिशोब करायचा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, त्याला जाडीने, लांबीने आणि ३.१४ ने गुणा, सगळी मापं मिमीत, आणि हजाराने भागा. उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं. १९ मिमीची, १.२ जाडीची, ४०० मिमी लांब नळी म्हणजे सुमारे २७ घन सेंमी. कार्बनचं घनत्व १.६ धरलं तर ती ४३ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमचं २.७ धरलं तर ७२. रबरी पाय काढून वजन करा. आत चिकटवलेला आट्यांचा तुकडा राहतो, त्याचे पाच-दहा ग्रॅम सोडून द्या. एवढ्या फरकात चूक व्हायला जागा नाही.

फायबरग्लासची नळी ५०-५५ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे त्या पाच-दहा ग्रॅमांच्या धुक्यात सापडते. तिथे मल्टिमीटर कामाला येतो. पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या टोकाची कड ओल्या बारीक पॉलिश पेपरने किंचित घासा आणि दोन्ही टोचण्या नळीच्या जाडीवर, आतल्या थरांना लागतील अशा टेकवा. कार्बन वीज वाहून नेतो, रीडिंग दाखवतो. काच काहीच दाखवत नाही. ॲल्युमिनियम जवळजवळ शून्य ओहम दाखवतं, पण ॲनोडायझिंग, म्हणजे त्यावरचा संरक्षक थर, खरवडल्यावरच. कोरडं घासू नका आणि फुंकर मारू नका, कार्बनची कुसळं बोटांत आणि डोळ्यांत जातात. लोहचुंबकाची ‘परीक्षा’ मात्र निव्वळ वेळ घालवणं आहे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही.

माल अस्सल असला तरी मापात काटा मारलेला असू शकतो. ‘३२ मिमी’ म्हणून सांगितलेलं माप कित्येकदा लॉकच्या कॉलरचं असतं, नळी २८ चीच. व्हर्निअर लावून नळीच मोजा. हे चार मिमी क्षुल्लक नाहीत. जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३२ ची नळी २८ पेक्षा जवळपास दीडपट ताठ. याच हिशोबाने पाच भागांच्या पायात खालची नळी १६ मिमीवर उतरते, आणि तीन भागांच्या पायातल्या २२ च्या नळीचा ताठपणा तिच्या अडीचपटीहून जास्त. कासच्या पठारावर किंवा गडाच्या माचीवर वाऱ्यात फोटो हलतो तो बहुधा या शेवटच्या काडीमुळे. प्रवासी बॅगेत मावावा म्हणून पाच भाग घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, पण त्याला भक्कम म्हणू नका.

‘दहा थर’ या शब्दाला एकूण जाडी सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. थर पातळही असतात.

भाराचा आकडाही तसाच. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते, आणि पाय मोडायच्या किंवा लॉक घसरायच्या आधीचं वजन म्हणजे कॅमेरा स्थिर राहतो ते वजन नव्हे. घरी करायची चाचणी अशी: सगळे भाग उघडा, लॉक हाताच्या नेहमीच्या जोराने आवळा, हेड काढून माथ्यावर दोन्ही तळवे ठेवून अर्धं अंग टाका. एकही पाय घसरता कामा नये. मग माथा धरून हलकेच पिळा. खांद्यात कट्‌कट् झाली तर बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. ते ॲलन कीने आवळता येतात. पण नळी धातूच्या खोबणीत फिरली तर डिंक सुटलेला आहे, आणि ते घरी दुरुस्त करायचं काम नाही. कोकणात खाऱ्या पाण्यात उभा करणार असाल तर हा जोड विशेष बघा. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात भिजले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते आणि जोड ढिला पडतो.

उंचीचे १७० सेंमी बहुधा सेंटर कॉलम पूर्ण वर काढून आणि हेड धरून मोजलेले असतात. कॉलम खाली ठेवून किती, ते विचारा. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५३ वर. त्यातून हेडचे दहा आणि व्ह्यूफाइंडरपर्यंतचे आठ-दहा सेंमी वजा केले की पाय १३३ ते १३५ सेंमीचे पुरतात.

आता पुराव्याचं. सील फोडण्यापासून वजन करेपर्यंतचा व्हिडिओ एकसंध काढा आणि त्यात खोक्यावरचं लेबल येऊ द्या. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. लेबलच नसेल तर ती वेगळी तक्रार होते. बिलावरचा १५ अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. पत्ता मुंबईचा आणि सुरुवात ०७ ने असेल तर जाब विचारा. विक्रीचं पान रोज बदलतं, म्हणून ऑर्डर करतानाच त्याचे स्क्रीनशॉट घ्या. ‘मटेरियल: कार्बन फायबर’ ही ओळ त्यात दिसली पाहिजे.

परताव्याची मुदत सात-दहा दिवसांची असते, म्हणून ही सगळी तपासणी माल हातात आल्याच्या दिवशीच उरका. ‘फक्त बदलून मिळेल’ हे उत्तर मान्य करू नका, बदललेला नगही त्याच लॉटचा येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, पैसे परत करायलाही नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीत ‘दर्जा खराब’ असं मोघम लिहू नका. ‘जाहिरातीत कार्बन फायबर, प्रत्यक्षात बारापैकी नऊ नळ्या ॲल्युमिनियमच्या, खालच्या नळीचं वजन ७२ ग्रॅम, व्हिडिओ सोबत’ असं लिहा.