पंपाच्या कंट्रोलरमधल्या नॅनोवर ऑप्टिबूट : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

इंदूरला आमच्या सुदामानगरात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. नळ आला की खालचा हौद भरायचा, मग मोटर लावून वरची टाकी. हे काम मी आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एका क्लोनवर सोपवलंय: हौदात आणि टाकीत पाण्याची पातळी सांगणारे फ्लोट स्विच, एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), पुढे मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटरचा जड प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा रिले). या सगळ्यात मोलाचा ठरला तो बूटलोडरचा, म्हणजे चिप सुरू होताच आधी चालणाऱ्या आणि नवा प्रोग्राम चढवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा बदल: जुना काढून ऑप्टिबूट घातला.

कॉन्टॅक्टर सुटताना जो स्पार्क उडतो, त्याने कंट्रोलर अधूनमधून हँग होतो. स्नबर (स्पार्क दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावल्यावर हे कमी झालं, थांबलं नाही. रिले चालू असताना हँग झाला तर टाकी वाहते, आणि हौद संपला तर मोटर कोरडी फिरते. उपाय चिपमध्येच आहे: वॉचडॉग टायमर. प्रोग्रामने ठरलेल्या वेळात (जास्तीत जास्त ८ सेकंद) त्याच्याकडे हजेरी लावली नाही, तर तो चिप रीसेट करतो.

जुन्या बूटलोडरचं त्याच्याशी जमत नाही. वॉचडॉगने रीसेट केल्यावरही नॅनोच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये तो चालूच राहतो, आणि मुदत सुमारे १६ मिलिसेकंदांवर येते. जुना बूटलोडर त्याला बंद न करता नवा प्रोग्राम येतोय का याची वाट पाहतो. तेवढ्यात पुन्हा रीसेट. एलईडी फडफडत राहतो, पॉवर काढल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे हँग परवडला! ऑप्टिबूट आधी रीसेटचं कारण बघतो. रीसेट पिनवरून आलेला नसेल, तर वॉचडॉग बंद करून थेट आपला प्रोग्राम सुरू करतो. त्यामुळे लाइट आल्यावरही कंट्रोलर लगेच कामाला लागतो.

ऑप्टिबूट घालायला आर्डुइनो ऊनो हा दुसरा बोर्ड पुरतो. त्यात आयडीईमधलं (प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमधलं) 'आर्डुइनो आयएसपी' हे उदाहरण अपलोड करायचं, मग त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, लांब पाय रीसेटकडे. ऊनोचा १० नंबर नॅनोच्या रीसेटला. ११, १२, १३ आपापल्या नंबरला. ५ व्होल्ट आणि ग्राउंड. प्रोग्रामर 'आर्डुइनो अॅज आयएसपी' निवडून 'बर्न बूटलोडर'. सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) जुळत नाही असा संदेश आला तर आधी वायरी तपासा, ब्रेडबोर्डच्या ढिल्या वायरी फार छळतात.

बोर्ड म्हणून मी 'नॅनो' नाही, 'ऊनो' निवडतो. जुना बूटलोडर २ केबी जागा धरतो, ऑप्टिबूट ५१२ बाइट. नॅनोच्या मेनूत नवा बूटलोडर निवडला तरी फ्यूज (चिपच्या मूळ सेटिंग) २ केबीच राखून ठेवतात. ऊनो निवडल्यावर प्रोग्रामला ३०,७२० ऐवजी ३२,२५६ बाइट मिळतात. पुढचे अपलोडही ऊनो निवडूनच करायचे, कारण वेग ५७,६०० वरून १,१५,२०० होतो.

आता वॉचडॉगने रीसेट केलं की ईईप्रॉममधला (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) आकडा एकाने वाढतो. पावसाळ्यात तो बराच वाढला, तरी टाकी एकदाही वाहिली नाही. मात्र दोन गोष्टी पाळा. सेटअपची (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागाची) पहिली ओळ रिले बंद करणारी हवी, आणि वॉचडॉगची हजेरी लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य भागाच्या) शेवटीच, टायमर इंटरप्टमध्ये (ठरावीक वेळाने मुख्य काम थांबवून चालणाऱ्या तुकड्यात) कधीच नाही. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालू राहू शकतो आणि वॉचडॉगला पत्ताच लागत नाही.

बूटलोडर घालताना चिप पूर्ण पुसली जाते, ईईप्रॉमसकट. चालू कंट्रोलरवर करणार असाल तर सेटिंग आधी लिहून ठेवा.