सराफ बाजारातलं नाण्यांचं दुकान: नहपानासाठी जा, पण भिंग घेऊन

नाशिकच्या सराफ बाजारातल्या या चिंचोळ्या दुकानात जावं ते नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांसाठीच. बाकी माल सगळीकडे मिळतो तोच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला अशा तेरा हजारांवर नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातली नऊ हजारांहून जास्त, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून पुन्हा ठोकलेली. इथलीही बहुतेक तशीच: नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य (कमानींची टेकडी), मागच्या बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली).

नाणं भिंगाखाली तिरकं धरा. दुसऱ्या घावाने जुना ठसा चेपतो, म्हणून चैत्याच्या कमानींमधून नाक नाहीतर ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावायला हवेत. दोन्ही ठसे सारखेच ठसठशीत असतील, कडेला जोडाची रेघ दिसत असेल, तर माल साच्यात ओतलेला, म्हणजे नकली समजा. ठसा एका बाजूला सरकलेला असणं हा मात्र दोष नव्हे. हातोड्याच्या कामात ते चालायचंच.

काटा समोर ठेवतात, बिलही देतात. भाव जरा चढेच. खरी तक्रार वेगळी: नाणी चिंचेने घासून लखलखीत करतात. जुना काळसर थर जातो, बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. न घासलेली दाखवा म्हणावं. आतल्या डब्यात असतात.