बीएमआय २८ आणि वजनाचे इंजेक्शन : पुण्यातील दोन सेवांचा अनुभव

माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २८. मला कुणी लठ्ठ म्हणत नाही, अंगाने भरलेली म्हणतात. परंतु चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चालणे, रात्रीचे जेवण लवकर घेणे, गोड सोडणे हे सारे करूनही वजन दोन किलो उतरून तीन किलो चढत होते. माझ्यासारख्या मधल्या वजनाच्या व्यक्तीला वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड या औषधाचे इंजेक्शन घेता येते का, हे विचारण्यासाठी मी आधी एका ॲपवरील सेवा आणि नंतर कर्वे रस्त्याजवळील एक दवाखाना, अशा दोन ठिकाणी गेले.

ॲपवर ९९९ रुपये भरल्यावर उंची, वजन आणि वय विचारले गेले, सहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि चिठ्ठी फोनवर आली. रक्तदाबाचा आकडा कुणी विचारला नाही. सुई कशी टोचायची, उलट्या थांबल्या नाहीत तर कुणाला फोन करायचा, यावरही चकार शब्द निघाला नाही. ती चिठ्ठी पाहून आमच्या गल्लीतले केमिस्ट काका म्हणाले, "ताई, आधी कुणा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, मग मी देतो." त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यातील एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या तज्ज्ञ) बाईंनी पहिल्या भेटीत औषध लिहिलेच नाही. टेपने कमरेचा घेर मोजला (९१ सेंटिमीटर, आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानतात), दोन्ही हातांवर रक्तदाब घेतला आणि घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, असे विचारले. माझ्या आईची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली होती, पण गाठ कोणत्या प्रकारची होती हे मला सांगता येईना. मेड्युलरी प्रकारचा कर्करोग घरात असेल तर हे औषध देत नाहीत, म्हणून जुना रिपोर्ट आणल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आईच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घातलेला तो पिवळा कागद सापडायला तीन आठवडे गेले. त्यावर 'पॅपिलरी' हा शब्द होता, म्हणजे मेड्युलरी नव्हे, वेगळा प्रकार. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मगच चिठ्ठीचे पॅड पुढे ओढले.

मधल्या वजनाचा प्रश्न त्यांनी नीट उलगडून सांगितला. भारतीयांमध्ये २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात, परंतु या औषधाची वजनासाठीची मंजुरी बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना, अथवा २७ किंवा त्याहून अधिक असून सोबत रक्तदाब किंवा मधुमेहासारखा आजार असणाऱ्यांना आहे. रक्तदाब नसता तर मला नकार मिळाला असता. औषध थांबवल्यावर काय होते, हेही त्यांनी लपवले नाही : सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आले होते.

पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम आणि नंतर ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा पोटावर. पहिली सुई नर्सताईंनी माझ्याकडूनच टोचून घेतली. दुसऱ्या आठवड्यात फोडणीच्या वासानेही मळमळ होत असे. ती महिन्याभरात ओसरली, बद्धकोष्ठता मात्र राहिली. पाच महिन्यांत वजन ६४ किलो झाले आहे आणि रक्तदाबाची गोळी अर्धी झाली आहे. खर्च जड आहे. मार्च २०२५ मध्ये हे औषध मौंजारो या नावाने भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार.

दवाखान्याबद्दल दोन तक्रारी आहेत. वेळ ठरवूनही दीड-दोन तास बसावे लागते. आहारतज्ज्ञांनी दिलेला छापील तक्ता ओट्स आणि किन्वाचा होता. वजनाबरोबर स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने वाढवा हे त्यांचे सांगणे अगदी बरोबर असले, तरी मटकीची उसळ, पिठले, ताक आणि अंडी यांत ते कसे बसवायचे हे मला हट्टाने विचारून घ्यावे लागले.

जाणाऱ्यांनी सकाळचा पहिला नंबर घ्यावा, आणि घरातल्यांच्या थायरॉइडचे, पित्ताच्या खड्यांचे, स्वादुपिंडाच्या आजाराचे जे काही जुने कागद असतील ते पहिल्याच भेटीला सोबत न्यावेत.