‘नोकरीची हमी’वाला सायबर सिक्युरिटी कोर्स, रिव्ह्यू: लॅब एकदम भारी, हमीवर मात्र जाऊ नका

रेटिंग ५ पैकी ३. लॅब आणि शिकवणारी माणसं यांना मी डोळे झाकून ५ देईन, पण जाहिरात आणि प्लेसमेंटच्या हमीला १ द्यायचासुद्धा जिवावर येतंय, म्हणून मध्ये कुठेतरी ३.

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. सहा महिने, ऑनलाइन, वीकेंडला लाइव्ह क्लास, बाकी दिवस लॅब, शेवटी मॉक इंटरव्ह्यू आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’, असे कोर्स आता ढिगाने निघालेत आणि सगळ्यांचा सिलॅबस थोडं डावं-उजवं सोडलं तर सारखाच. हा माझ्या मामेभावाने केला. मी स्वतः सॉकमध्ये, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये काम करते आणि फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यू पॅनेलवरही असते, त्यामुळे त्याच्या शेजारी बसून बरीचशी रेकॉर्डिंग्ज बघितली, लॅब्ज करून पाहिल्या आणि ह्याच कोर्समधून आलेली मुलं पॅनेलसमोरही बघितलीत. दोन्ही बाजू बघून लिहितेय.

आधी त्या आकड्याबद्दल बोलू, कारण सगळी विक्री त्याच्यावर चाललीये. पहिल्याच क्लासला स्लाइड येते, ‘जगात सायबर सिक्युरिटीच्या ४८ लाख जागा रिकाम्या’. आकडा खोटा नाहीये, आयएससी-टू ह्या संस्थेच्या २०२४ च्या वर्कफोर्स अहवालातला आहे. पण त्याचा अर्थ ‘४८ लाख नोकऱ्या निघाल्यात आणि अर्ज करायला माणूस नाही’ असा होत नाही. ह्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा सर्व्हे घेऊन, सुरक्षित राहायला किती माणसं लागतील आणि आहेत किती, ह्यातला फरक अंदाजाने काढलेला असतो तो. लागतील म्हणणं वेगळं आणि पगाराला पैसे मंजूर करून जागा काढणं वेगळं. त्याच अहवालात लिहिलंय की काम करणाऱ्यांची संख्या जवळपास ५५ लाखांवरच अडकली, वर्षात वाढ फक्त ०.१ टक्का, ३७ टक्के लोकांनी बजेट कापल्याचं सांगितलं, २५ टक्क्यांनी टीममधून माणसं काढल्याचं, आणि टंचाईचं सगळ्यात मोठं कारण म्हणून ‘माणसं मिळत नाहीत’च्या ऐवजी ‘बजेट नाही’ हे वर आलं. आदल्या वर्षी, २०२३ ला, हीच तूट ४० लाख होती. म्हणजे तूट वाढली आणि भरती मात्र थांबली, दोन्ही एकाच वर्षात. ही ओळ स्लाइडवर असायला हवी होती, कारण फी भरणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त गरज हीच माहिती असण्याची आहे.

आता कौतुक, आणि ते अगदी मनापासून.

लॅब्ज खरंच जीव ओतून बनवल्यात. एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. तुम्हाला विंडोज सर्व्हरचे लॉग, म्हणजे तिथे काय काय घडलं त्याच्या नोंदी, देतात आणि एक अलर्ट, बाकी काही नाही. प्रत्येक प्रकारच्या घटनेला ठरलेला नंबर असतो. लॉगमध्ये ४६२५ ची रांग लागलेली, म्हणजे फेल झालेले लॉगिन, एकाच बाहेरच्या आयपीवरून, काही मिनिटांत शेकडो. मग एक ४६२४, लॉगिन झालं. मग थोड्या वेळाने ४७२०, नवीन युजर तयार झाला, लगेच ४७३२, तो युजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये गेला, आणि मग ४६८८ मध्ये, म्हणजे नवीन प्रोग्रॅम सुरू झाल्याच्या नोंदीत, पॉवरशेल हे विंडोजचं कमांड चालवायचं टूल, तेही बेस-६४ मध्ये, म्हणजे बघताक्षणी वाचता येणार नाही अशा रूपात, गुंडाळलेल्या कमांडसकट. आता इथे मुलं काय करतात, कुठेतरी वाचलेलं असतं की रिमोट डेस्कटॉपचा (आरडीपी, म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर काम करणं) लॉगऑन टाइप, म्हणजे लॉगिनच्या प्रकाराचा नंबर, १०, म्हणून फेल लॉगिनमध्ये टाइप १० शोधतात, सापडत नाही, आणि ‘आरडीपी नाहीये’ असं ठोकून देतात. सरांनी तिथे थांबवून नीट दाखवलं की नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असेल तर पासवर्डची तपासणी सेशन उघडायच्या आधीच होते म्हणून ते फेल लॉगिन टाइप ३ म्हणून पडतात, टाइप १० दिसतो तो सेशन खरंच उघडल्यावर. हे मी कामावर सिनियरकडून शिकले होते. कोर्समध्ये बघून खूप बरं वाटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात बरोब्बर उलटी लॅब. पुन्हा ४६२५ ची रांग, पण ह्यावेळी आतल्याच एका मशीनवरून, ठरावीक अंतराने, एकच सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाचं नाही तर एखाद्या प्रोग्रॅमसाठी काढलेलं. हल्लाबिल्ला काही नाही, त्या अकाउंटचा पासवर्ड बदलला आणि एका शेड्युल्ड टास्कमध्ये जुनाच राहून गेला. अर्ध्या बॅचने ‘ब्रूट फोर्स (म्हणजे पासवर्ड एकामागून एक लावून बघणं), क्रिटिकल’ लिहून तिकीट, म्हणजे त्या अलर्टचा लेखी रिपोर्ट, वर पाठवलं. सॉकमधलं रोजचं काम हे असंच असतं, दहा अलर्टमधले बहुतेक फुसके आणि तरी प्रत्येकाकडे तेवढंच लक्ष देऊन बघायचं. हॅकिंगच्या व्हिडिओंमध्ये हा भाग कोणी दाखवत नाही.

पण ह्या कोर्सची खरी किंमत कशात आहे तर तिकीट तपासून देण्यात. प्रत्येक लॅबनंतर तिकीट लिहायचं, काय दिसलं, कशावरून म्हणताय, काय तपासलं नाही, पुढे कोणाला कळवायचं, आणि ते तिकीट सर-मॅडम ओळ न् ओळ वाचून परत पाठवतात. भावाचं पहिलं तिकीट लालेलाल होऊन आलं होतं. ‘संशयास्पद अ‍ॅक्टिव्हिटी दिसली’ ह्या वाक्याखाली शेरा होता, कुठल्या होस्टवर, किती वाजता, कुठल्या टाइमझोनमध्ये, कोणत्या अकाउंटने? तो वैतागला, मला म्हणाला, ‘ताई, एवढं कोण बघतं गं?’ म्हटलं, रात्री तीन वाजता ज्याला उठवतोस तो बघतो रे बाबा. कोर्स संपता संपता त्याची तिकिटं अशी झाली होती की मी आमच्या टीममध्ये नमुना म्हणून दाखवली असती.

साहित्य म्हणाल तर बाहेर सगळं फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं. लॉग गोळा करून अलर्ट देणारं वाझू ओपन सोर्स आहे, विंडोजवरच्या हालचाली टिपणारं सिसमॉन फुकट, लॉगमध्ये शोधाशोध करायच्या स्प्लंकच्या फ्री लायसन्सवर दिवसाला ५०० एमबी लॉग टाकता येतात, हल्लेखोरांच्या पद्धतींची यादी असलेलं मायटर अ‍ॅटॅक सगळ्यांना खुलं, ट्रायहॅकमी ह्या सरावाच्या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच लॅब चालतात. फुकटात मिळत नाही तो तुमचं लिखाण वाचून चूक दाखवणारा अनुभवी माणूस. फी भरायची असेल तर फक्त त्याच्यासाठी भरा.

कच्चे भाग पटकन सांगते. नेटवर्किंग आणि लिनक्स पार उरकून टाकलंय, डीएनएस क्वेरी, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी विचारणं, कुठून कुठे जाते हे ज्याला येत नाही तो पुढच्या अर्ध्या लॅबमध्ये नुसता कॉपी-पेस्ट करत बसतो. काली आणि मेटास्प्लॉइट ह्या हॅकिंगच्या साधनांना मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ, का तर मुलांना आवडतं. पेनटेस्टिंगच्या, म्हणजे परवानगी घेऊन हल्ला करून कच्चे दुवे शोधायच्या, फ्रेशर जागा आधीच मोजक्या आणि तिथे ओएससीपी हे पेनटेस्टिंगचं सर्टिफिकेट घेतलेले रांगेत उभे असतात, ज्यांनी २३ तास ४५ मिनिटांची प्रॅक्टिकल परीक्षा देऊन वर २४ तासांत रिपोर्ट लिहून दाखवलेला असतो. क्लाउड ठीकठाक. जीआरसी, म्हणजे नियम, ऑडिट, रिस्क वगैरे, ह्यावर एकच लेक्चर, आणि इथे मला खरंच राग आला. बॅचमध्ये अकाउंट्समधून आलेले लोक होते, एक ताई इंटर्नल ऑडिटमध्ये कितीतरी वर्षं काढून आलेल्या. आयएसओ २७००१ ह्या माहिती सुरक्षेच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत, ते कंपनीत खरंच पाळले जातात का, पुरावा काय, हे तपासणं त्यांना दोन महिन्यांत जमलं असतं, आणि ह्या कोर्सने त्यांना सहा महिने पोर्ट स्कॅन करायला लावले.

सर्टिफिकेशनचं. कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस ह्या सुरुवातीच्या परीक्षेचं व्हाउचर फीमध्येच मिळतं, ते चांगलंय. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, १०० ते ९०० च्या स्केलवर ७५० लागतात, आणि सुरुवातीलाच बहुधा करून दाखवायचे प्रश्न येतात त्यात वेळ जातो, ते बाजूला ठेवून नंतर करा असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, योग्य सल्ला. पण ब्रोशरमध्ये फ्रेशर्सना ‘सीआयएसएसपी तयारी’, म्हणजे अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटची तयारी, विकतात ते अजिबात पटलं नाही. त्याला ८ डोमेनपैकी, म्हणजे विषयांपैकी, किमान २ मध्ये मिळून ५ वर्षांचा पगारी अनुभव लागतो, संबंधित विषयातली डिग्री किंवा मान्य असलेलं दुसरं सर्टिफिकेट असेल तर १ वर्ष सूट, बस्स. आधी परीक्षा पास झालात तर ‘असोसिएट’ म्हणून राहता आणि अनुभव पुरा करायला ६ वर्षं मिळतात. हे सगळं ब्रोशरमध्ये कुठेच नाही. अर्थात दोष एकट्या कोर्सवाल्यांचा नाही, आमच्यासारख्या कंपन्याच ‘एंट्री लेव्हल’ म्हणून जागा काढतात आणि खाली ३ वर्षं अनुभव, सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य असं लिहितात. आमच्या एचआरशी ह्या एका ओळीवरून मी भांडलेय आणि ती काढून घेतलीये.

खरी अडचण इथेच आहे. टंचाई आहे, शंभर टक्के आहे, पण ती चार-पाच वर्षं काम केलेल्यांची. ज्याला रात्री इन्सिडेंट एकट्याने हाताळता येतो, जो डिटेक्शन रूल, म्हणजे अलर्ट कशावर वाजायचा त्याचे नियम, लिहितो, जो क्लाउडमधली चुकलेली परमिशन बघताक्षणी ओळखतो, असा माणूस शोधायला आम्हाला महिनोन् महिने लागतात. आणि फ्रेशरच्या एका जागेला मेलबॉक्स भरून वाहतो. त्याच २०२४ च्या अहवालात ३१ टक्के लोकांनी सांगितलंय की त्यांच्या सिक्युरिटी टीममध्ये एंट्री लेव्हलचं एकही माणूस नाही. एकही नाही! अहो मग पाच वर्षांनी अनुभवी माणूस येणार कुठून? फ्रेशर शिकवायला सिनियरचा वेळ लागतो, सिनियर आधीच कमी म्हणून फ्रेशर घ्यायचे नाहीत, आणि म्हणून सिनियर तयार होत नाहीत. त्यात आता एल-वनचे, म्हणजे सॉकच्या पहिल्या फळीचे, साधे अलर्ट ऑटोमेशन आणि एआय आधीच चाळून देतं, म्हणजे शिकायची पहिली पायरीच अरुंद होत चाललीये. मॅनेजर लोकांनी हे वाचलं तर बरं होईल.

आता प्लेसमेंटची हमी. करार नीट वाचा, मी नंतर वाचला तेव्हा कळलं. दर आठवड्याला ठरलेले अर्ज केलेच पाहिजेत, हजेरी कमी पडली तर हमी रद्द, पहिली ऑफर नाकारली तर हमी रद्द, आणि ‘आयटी किंवा संबंधित’ कुठलीही नोकरी लागली की हमी पूर्ण. भावाला हेल्पडेस्कची नोकरी लागली आणि त्यांच्या वेबसाइटवर त्याचा फोटो ‘सायबर सिक्युरिटी प्रोफेशनल’ म्हणून झळकला. हेल्पडेस्क वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट सॉकमधले माझे कितीतरी चांगले सहकारी तिथूनच आलेत. पासवर्ड रिसेट करून करून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतले युजर आणि त्यांच्या परवानग्या सांभाळणारी विंडोजची यंत्रणा, हातात बसते, सोमवारी सकाळी लॉगिन फेल का वाढतात हे कळतं, कुठला युजर खरंच कुठून काम करतो हे माहीत होतं. भाऊसुद्धा आता तिथे आलेल्या फिशिंग मेल्स बघतो आणि खुश आहे. पण मग सरळ सांगा ना, की आधी हेल्पडेस्क, मग वर्ष-दोन वर्षांनी सॉक. लोक तरीही कोर्स करतील.

रेझ्युमेचं तर काही विचारू नका. सगळ्या बॅचला एकच टेम्प्लेट, एकच ‘वाझू होम लॅब’ प्रोजेक्ट, स्वल्पविरामासकट तेच वाक्य. पॅनेलवर एका दिवसात असे सारखे रेझ्युमे आले की आम्ही नाव झाकलं तर कोण कुठला हे सांगता आलं नसतं. मॉक इंटरव्ह्यूही पाठांतराचे, सीआयए ट्रायड म्हणजे काय, व्हायरस आणि वर्ममध्ये फरक काय. मी असलं विचारत नाही. मी म्हणते, तुम्ही लिहिलेलं एक तिकीट सांगा आणि त्यात तुम्ही काय तपासायचं राहिलं होतं. ह्याच कोर्सची एक मुलगी होती, तिने टेम्प्लेट फेकून स्वतःच्या लॅबमधली तीन तिकिटं, सरांच्या लाल शेऱ्यांसकट, जोडली होती. तिला आम्ही घेतलं. टेम्प्लेटवाल्यांतही हुशार असतील, पण कागदावरून ते दिसायला हवं ना.

अजून एक गोष्ट कोर्समध्ये कोणीच बोललं नाही, ती म्हणजे शिफ्ट. बऱ्याच सॉकमध्ये चोवीस तास काम चालतं, सुरुवातीची वर्षं रात्रपाळी ठरलेली, आणि सतत अलर्ट बघून माणूस थकतो. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

घ्यावा का? नेटवर्किंग-लिनक्स थोडंफार येत असेल आणि स्वतःचं स्वतः शिकताना अडकत असाल तर घ्या, लॅबसाठी आणि तिकिटांसाठी. नोकरी सोडून, कर्ज काढून, सहा महिन्यांत सॉकमध्ये बसणार ह्या हिशोबाने घेणार असाल तर थांबा, कारण तो हिशोब कागदावरसुद्धा जमत नाही. आणि पैसे भरायच्या आधी त्यांच्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: ‘प्लेसमेंट’मध्ये कुठली पदं धरतात त्यांची यादी, आणि मागच्या बॅचचं नाव झाकलेलं एक तपासलेलं तिकीट. दुसरी गोष्ट हे लोक आनंदाने देतात, मी मागून बघितलीये. पहिल्या गोष्टीला ‘काउन्सेलर फोन करतील’ असं उत्तर येतं, तेव्हा फोनवर ऐकून घेऊ नका, मेलवरच मागा.